काचेच्या पेटीतला सिनेमा

परवाच्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब सिनेमाला गेलो होतो. घरातून निघता निघता सौभाग्यवतींना गॅस बंद केल्याची दोनदा खात्री करून घ्यावीशी वाटली, पुढे चौकात वाहनांची रांग लागली, आणि आम्ही धापा टाकीत अंधारात शिरलो तेव्हा पडद्यावर मुख्य चित्रपटाचे सेन्सॉर प्रमाणपत्र झळकत होते. मी खुर्चीत अंग टाकले आणि समाधानाने म्हणालो, "चला, काही चुकलं नाही."

"काही चुकलं नाही कसं, बाबा?" कन्या फुरंगटून म्हणाली, "सगळे ट्रेलर गेले!"

पंगतीत पान मिळाले. पण पानाभोवतालची रांगोळी पाहायची राहिली म्हणून एखाद्या पाहुण्याने रुसावे, तसाच हा प्रकार. पण खरी गंमत पुढेच होती. सिनेमा संपवून बाहेर आलो तेव्हा कन्येची तक्रार अगदी उलट बाजूने सुरू झाली. या चित्रपटाचा ट्रेलर तिने महिनाभर आधीच मोबाइलवर चार-पाच वेळा पाहिला होता. "सगळे चांगले विनोद ट्रेलरमध्येच संपवून टाकले होते," ती म्हणाली. "बाकीचे दोन तास नुसती वाट बघायची, कुठला कधी येतो त्याची."

"मग ट्रेलर बघायचाच कशाला?" मी मास्तरकीच्या सवयीने विचारले.

"न बघता, पिक्चर बघायचं की नाही ते ठरवायचं कसं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर नसले की आम्ही शिक्षक मंडळी शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळतो. मीही वळलो.

माझा जन्म सांगलीकडचा. तिकडच्या माणसाला ट्रेलर म्हटले की ट्रॅक्टरच्या मागे उसाने लादलेली, रस्ताभर पाचट सांडीत डुलत जाणारी गाडी आठवते. मागून येतो तो ट्रेलर. मग सिनेमाचा ट्रेलर पुढे कसा? तर मुळात तोही मागेच होता. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात पुढच्या चित्रपटाची ही जाहिरात चालू चित्रपट संपल्यावर दाखवीत. पण खेळ संपला की प्रेक्षक उठणारच. आपल्याकडे भरतवाक्याला तरी कोण थांबतो? तेव्हा व्यवहारचतुर मंडळींनी मागची गाडी पुढे आणून जोडली. नाव मात्र जुनेच राहिले.

या ट्रेलरचा आरंभ बहुधा 1913 साली न्यू यॉर्कच्या एका नाट्यगृहसमूहाच्या जाहिरात-व्यवस्थापकाने केला, असे सांगतात. ते वर्ष वाचून मला मौज वाटली, कारण आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला तोही 1913 सालीच. दादासाहेबही जाहिरातीत काही कमी नव्हते. सुरतेला खेळ लावला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ल्यात अवघे तीन रुपये जमले, अशी हकीकत आहे. तिथल्या लोकांना दोन आण्यांत तासन् तास चालणारी नाटके पाहायची सवय! दादासाहेबांनी जाहिरात दिली: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सगळे मिळून फक्त तीन आण्यांत. लोटली की गर्दी! सत्याखातर राज्य सोडणाऱ्या राजाच्या या जाहिरातीत एक अक्षर खोटे नव्हते. फक्त चित्रपट कसा आहे, याबद्दलही तीत एक अक्षर नव्हते.

आणि आपण तरी अमेरिकेपर्यंत कशाला जावे? संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत 'प्ररोचना' नावाचे एक अंग असते. कवीची आणि नाटकाची स्तुती करून प्रेक्षकांच्या मनात रुची उत्पन्न करायची, हे तिचे काम. म्हणजे ट्रेलरच की! 'शाकुंतला'च्या आरंभी नटी ग्रीष्म ऋतूचे गाणे म्हणते. ते ऐकून सूत्रधार इतका तल्लीन होतो, की आज कोणते नाटक करायचे तेच विसरतो. नटीला त्याची आठवण करून द्यावी लागते. जाहिरातीतल्या गाण्याच्या नादात मूळ खेळच विसरावा, ही गोष्ट कालिदासाने आधीच पाहून ठेवली होती म्हणायची.

चांगल्या दिग्दर्शकांनी या प्ररोचनेशी मोठी खेळकर लबाडी केली आहे. ऑर्सन वेल्सने 1941 सालच्या 'सिटिझन केन'चा जो ट्रेलर केला, त्यासाठी दृश्ये वेगळी चित्रित केली. त्यात वेल्सचा आवाज ऐकू येतो, सोबतच्या नटनट्यांची तो ओळख करून देतो; पण स्वतः केन झालेला हा माणूस तोंड दाखवीत नाही. हिचकॉकने 1960 साली 'सायको'साठी साडेसहा मिनिटांचा ट्रेलर काढला. एखादा वाडा विकायला काढलेल्या मालकासारखा तो आपल्याला त्या मोटेलमधून आणि घरातून हिंडवतो, इथे असे झाले, तिथे तसे झाले, असे म्हणत ऐन वेळी वाक्य अर्धे सोडतो, आणि शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो. किंकाळी ऐकू येते. पण किंचाळणारी स्त्री चित्रपटात तिथे असलेली जॅनेट लेही नव्हेच. टोप घातलेली व्हेरा माइल्स! सगळे घर दाखवले, आणि रहस्य मात्र जिथल्या तिथे.

याच्या नेमके उलट 2000 सालच्या 'कास्ट अवे'चे. निर्जन बेटावर अडकलेला नायक परत घरी येतो की नाही, याच काळजीत प्रेक्षकाने दोन तास काढायचे. तर ट्रेलरमध्येच तो परत आलेला दाखवला. दिग्दर्शक झेमेकिस यांचे म्हणणे असे, की पैसे मोजण्यापूर्वी आपल्याला काय मिळणार ते लोकांना नेमके ठाऊक हवे असते. मला आधी हे पटले नाही. मग आमच्या गावच्या देवळातले कीर्तन आठवले. उत्तररंगातले आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ असायचे, तरी बुवांनी फेटा सावरला की सारे पुढे सरकून बसायचे. शेवट ठाऊक असणे हा आमच्याकडे कधीच मोठा अपराध नव्हता. दाखवले एक आणि दिले दुसरे, हे मात्र माणसाला सहन होत नाही. अमेरिकेत 2011 सालच्या 'ड्राइव्ह' या चित्रपटावर एका बाईंनी दावाच लावला होता. ट्रेलरवरून त्यांना गाड्यांच्या धुंद शर्यती दिसतील असे वाटले, आणि पडद्यावर नायक बराच वेळ गप्प बसून होता!

हे सगळे मी घरी पोचेपर्यंत कन्येला ऐकवले. ऐकून घेणे तिला भाग होते, कारण गाडी मी चालवीत होतो.

घरी आल्यावर चहा झाला. खिडकीजवळच्या कॉटवर बाबा, म्हणजे माझे वडील, बसले होते. त्यांना आता फारसे दिसत नाही. वर्तमानपत्र मी वाचून दाखवतो, आणि इतर वेळी घरात चाललेले बोलणे ते मान किंचित वाकडी करून ऐकत असतात. कन्या म्हणाली, "असल्या सिनेमाचे पैसे परत मागायला हवेत."

"मागून झालेत," मी म्हणालो, आणि तिला आपल्या मराठवाड्यातली हकीकत सांगितली. 2016 साली 'फॅन' नावाचा चित्रपट आला. जाहिरातीत एक धडाक्याचे गाणे होते. एक शिक्षिका ते पाहून घरच्यांना घेऊन सिनेमाला गेल्या. सिनेमा संपला, पण गाणे काही आले नाही. मुले रुसली, रात्री जेवली नाहीत. बाई ग्राहक मंचाकडे गेल्या. जिल्ह्यात तक्रार फेटाळली गेली. पण 2017 साली राज्य आयोगाने त्यांना दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च देवविला, राष्ट्रीय आयोगाने 2020 साली तेच कायम केले. प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल 2024 मध्ये तिथे निकाल फिरला. ट्रेलर म्हणजे करार नव्हे, वचनही नव्हे. चित्रपटाविषयी उत्सुकता वाढवण्यासाठी निर्मात्याने एकतर्फी केलेली ती जाहिरात. तेव्हा त्यातले सगळे चित्रपटात असलेच पाहिजे असा हक्क प्रेक्षकाला पोचत नाही, असे न्यायमूर्तींनी सांगितले.

"म्हणजे मी सुटलो म्हणायचा!" कॉटवरून आवाज आला.

कन्येला काही कळले नाही. सौभाग्यवतींनाही नाही. मला मात्र हातातली कपबशी खाली ठेवावी लागली.

बाबा सांगलीत एका कचेरीत कारकून होते. आम्ही घरात पाच माणसे. सिनेमा वर्षातून फार तर एकदा, तोही दिवाळीच्या सुट्टीत. पण चित्रपटगृहाच्या आवारात भिंतीवर काचेची पेटी असे, आणि तिच्यात चालू खेळाचे आठ-दहा फोटो टाचण्यांनी लावलेले असत. फोटो पाहायला तिकीट लागत नसे. शनिवारी संध्याकाळी बाबा मला सायकलच्या मागे बसवून तिथे नेत. आम्ही डावीकडून उजवीकडे एकेक फोटो नीट पाहायचो, आणि परत येताना सायकल हातात धरून चालत बाबा मला त्या चित्रपटाची गोष्ट सांगायचे. घर येईपर्यंत ती बरोबर संपायची. त्यांनी तो चित्रपट पाहिलेला आहे, असे मी धरून चाललो होतो. पाहिला आहे असे ते कधी म्हणाले नव्हते, आणि मी कधी विचारले नव्हते.

1991 साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' लागला. मी अकरा वर्षांचा होतो. गल्लीतल्या बायका जथ्याने जायच्या आणि डोळे सुजवून परत यायच्या. आम्ही फोटो पाहिले. त्या शनिवारी बाबांनी सांगितलेली गोष्ट मला आजही पाठ आहे. सासुरवास सोसून सोसून थकलेल्या लेकीकडे शेवटी बाप साडी घेऊन येतो. ती साडी नेसवून तिला बैलगाडीत बसवतो आणि माहेरी आणायला निघतो. वाटेत आंब्याखाली गाडी सोडतात, आणि बापलेक दशम्या खातात. इथे गोष्ट संपली.

सोमवारी मोकळ्या तासाला मी ती वर्गात रंगवून सांगितली. दशम्यांपर्यंत पोचलो तेवढ्यात आईबरोबर सिनेमा पाहून आलेला एक मुलगा ओरडला, "खोटं! ती मरते. साडी येते ती तिच्या मढ्यावर घालायला!" सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून वर्षभर माझे नाव 'थापाड्या' पडले.

मी घरी आलो तो रागाने धुमसत. ओट्यावर शेजारची माणसे बसली होती, आई होती, बाबा सायकलची साखळी चढवीत होते. सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "बाबा, तुम्ही खोटं सांगता. तुम्ही सिनेमा बघितलेलाच नाही."

बाबांनी वर पाहिले नाही. "नाही बघितला," ते म्हणाले, आणि साखळी चढवीत राहिले. त्यांच्या बोटांना तेल लागले होते.

पुढच्या शनिवारी त्यांना कचेरीत काम निघाले. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मग मीच वाट पाहणे सोडले. यावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. कॉलेजात असताना दूरदर्शनवर तो चित्रपट मी पाहिला. तो मुलगा म्हणाला होता ते खरे होते. मी रडलो, पण रडता रडता मनात ती बैलगाडी चालू होती.

मराठवाड्यातल्या बाईंचा दावा दिल्लीपर्यंत जाऊन निकाली निघायला सातआठ वर्षे लागली. माझा निकाल अकराव्या वर्षी, एका वाक्यात, आरोपीचे म्हणणे न ऐकता लागला होता. त्याला तीस वर्षे उलटून गेली. बाबा तो विसरले असतील असे मी समजत होतो.

माफी मागावी असे फार वाटले. पण आमच्या घरात माफी मागायची भाषा कोणी शिकवलेली नाही. मी उठून कॉटवर त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारले, "बाबा, त्या दशम्या कुठून आल्या होत्या हो?"

"कुठल्या?"

"आंब्याखाली खाल्ल्या त्या."

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "अरे, घरून निघतानाच बांधून घेतल्या असणार बापाने. लेकीला आणायला चाललाय, रिकाम्या हाताने जाईल का? लसणाची चटणीपण होती बरोबर."

चटणी तेव्हाच्या गोष्टीत नव्हती. चित्रपटात तर दशम्याच नाहीत. पण या वेळी मी काही बोललो नाही. एवढ्यात कन्या मोबाइल बाजूला ठेवून कॉटपाशी आली, खाली बसली आणि म्हणाली, "कुठली गोष्ट, आजोबा? मला पहिल्यापासून सांगा."

बाबांनी घसा साफ केला.