पिसाचा हट्ट

अमेरिकेत मे महिना लागला की बारावी संपवणाऱ्या मुलांच्या पदवीदान समारंभांची धांदल सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ एक वादही दरवर्षी येतो. टोपी आणि गाऊनवर काय चालेल आणि काय चालणार नाही? कुणाला टोपीला गरुडाचे पीस बांधायचे असते, कुणाला आईवडिलांच्या मूळ देशाच्या झेंड्याचा पट्टा खांद्यावर घ्यायचा असतो, कुणाच्या जटा शाळेने ठरवलेल्या मापापेक्षा लांब असतात. शाळा नकार देते, घरचे दाद मागतात, प्रकरण वर्तमानपत्रांत येते आणि मोठ्यांचा निवाडा तयारच असतो: या पोरांना नियम म्हणून नकोत, लाडाने डोक्यावर बसली आहेत. आपल्या वाचकांना हा वाद परका वाटू नये. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत मराठी घरांतली मुले हाच गाऊन घालून व्यासपीठावर जातात आणि त्यांचे आजी-आजोबा त्या दिवसासाठी इकडून विमानाने जातात. सामाजिक मानसशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्या अभ्यासाच्या आधारे मला असे म्हणायचे आहे की, पोशाखाच्या या भांडणांत ‘लाडावलेली पिढी’ हे निदान बहुतेक वेळा चुकते, आणि ते नेमके अशा मुलांच्या माथी मारले जाते ज्यांना समारंभाची इतरांहून अधिक कदर असते.

पिढीबद्दलचा आरोप आधी तपासू, कारण तो निराधार आहे असे सहज म्हणून टाकता येत नाही. जीन ट्वेन्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या ८५ नमुन्यांची एकत्र छाननी केली. १९७९ ते २००६ या काळात आत्मप्रौढी मोजणाऱ्या प्रश्नावलीवरचे गुण वाढत गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी ट्वेन्गी आणि कीथ कॅम्बेल यांनी त्यावर पुस्तक लिहिले, आत्मप्रौढीची साथ आली आहे असे सांगितले आणि ते वर्तमानपत्रांनी उचलून धरले. त्यानंतर जे झाले ते मात्र फारसे कुणी छापले नाही. २०१७ मध्ये युनिके वेट्झेल आणि सहकाऱ्यांनी बर्कली, डेव्हिस आणि इलिनॉय इथल्या विद्यार्थ्यांची १९९० च्या दशकापासूनची माहिती पुन्हा तपासली. ही संख्या साठ हजारांच्या घरातली होती. प्रश्नावलीतले प्रश्न वेगवेगळ्या पिढ्यांतली मुले वेगळ्या अर्थाने वाचतात का, हेही त्यांनी पाहिले. आत्मप्रौढी वाढलेली दिसली नाही, उलट थोडी घटलेली दिसली, आणि ‘मला इतरांपेक्षा जास्त मिळायला हवे’ ही भावना मोजणारा भागही घटलेल्यांत होता. या विषयावर अभ्यासकांचे अजून पूर्ण एकमत नाही. पण साथ आली आहे हे गृहीत धरून शाळेने नियम करावेत इतका भक्कम पुरावा आज कुणाच्याही हाती नाही.

मग मोठ्यांना ही साथ इतकी ठळक का दिसते? जॉन प्रोट्झ्को आणि जोनाथन स्कूलर यांनी २०१९ मध्ये याच प्रश्नावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत तीन हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढ सहभागी होते. ज्यांचा स्वतःचा कल अधिकार आणि शिस्तीकडे जास्त होता, त्यांना आजची मुले वडीलधाऱ्यांना मान देत नाहीत असे अधिक वाटत होते. ज्यांचे वाचन दांडगे होते, त्यांना आजच्या मुलांना वाचनाची गोडी नाही असे अधिक वाटत होते. प्रत्येकाला मुलांमध्ये नेमकी तीच उणीव जाणवली जिच्यात तो स्वतः सरस होता, कारण आपल्या बालपणातली सगळीच मुले आपल्यासारखी होती अशी आठवण मन नकळत रचते. प्रयोगाच्या एका भागात काहींना ‘तुमचे वाचन बेताचेच आहे’ असे सांगण्यात आले, तेव्हा त्यांचे मुलांविषयीचे मतही बदलले. मुख्याध्यापक, शाळामंडळाचे सदस्य, न्यायाधीश हे सगळे नियम पाळत पाळतच त्या जागी पोचलेले लोक असतात. नियमाबद्दल प्रश्न विचारणारे मूल त्यांना मूळ प्रमाणापेक्षा अधिक उर्मट दिसण्याचा धोका इथे आहे. हे त्यांच्या वाईट हेतूमुळे घडत नाही, म्हणूनच त्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

पोशाखावरूनच एवढे रान का पेटते, याचे उत्तर एलियट ट्युरिएल यांच्या १९८० च्या दशकातल्या संशोधनात आणि ज्युडिथ स्मेटाना यांनी पुढे किशोरवयीन मुलांवर केलेल्या कामात सापडते. मुले सगळे नियम एकाच पेटीत टाकत नाहीत. कुणाला मारू नये, फसवू नये हे नियम ती नैतिक मानतात आणि मोठ्यांनी ते लावावेत हेही मान्य करतात. रांगेत उभे राहणे, शिक्षकांना विशिष्ट रीतीने संबोधणे हे संकेत आहेत, तेही ती बहुतेक पाळतात. तिसरा भाग खासगी निवडीचा: मित्र, केस, कपडे, खोलीची मांडणी. इथला मोठ्यांचा अधिकार ती नाकारू लागतात, आणि वय वाढते तसा हा तिसरा भाग रुंदावत जातो. घरातल्या भांडणांचा मोठा वाटा या सीमारेषेवरच पडतो, असे स्मेटाना यांना आढळले. पालक ज्या गोष्टीकडे संकेत म्हणून पाहतात तीच मुलाच्या लेखी खासगी असते. पदवीदानाचा गाऊन बरोबर या रेषेवर उभा आहे. समारंभ सार्वजनिक, सर्वांचा, म्हणून शाळा त्याला संकेत मानते. पण त्या दिवशी नाव पुकारले जाते ते एकेकाचे आणि व्यासपीठ ओलांडायचे असते एकट्याने, म्हणून मुलाला तो आपला वाटतो. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. सीमा कुठे आखायची हा मतभेद आहे, आणि मतभेदाला स्वभावदोष ठरवले की सीमेबद्दल बोलणेच संपते.

शाळेच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारण समतेचे आहे आणि मी ते मनापासून मानते. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी पदवीच्या पोशाखाची एकसारखी संहिता १८९५ मध्ये ठरवली. हा गाऊन शाळांमध्ये उतरला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, आणि त्यामागे एक चांगली चिंता होती. त्या काळी मुलींच्या पदवीदानाच्या पांढऱ्या पोशाखांवर कुटुंबे अतोनात खर्च करत, ज्यांना तो झेपत नसे त्या मुलींची कुचंबणा होई, आणि ही चढाओढ थांबवायला काही शाळा खर्चावर मर्यादा घालत किंवा मुलींनी पोशाख स्वतः शिवावा असे सांगत. एकाच कापडाच्या सैल गाऊनने तो प्रश्न सोडवला. खर्चावर अंकुश ठेवणाऱ्या नियमाला माझा आजही पूर्ण पाठिंबा आहे. पण आजचा समारंभ एकसारखा राहिलेला नाही, आणि तो मुलांनी बिघडवलेला नाही. चांगल्या गुणांसाठी सोनेरी दोर, मानद मंडळाच्या सदस्यत्वासाठी पट्टा, कुठे वाद्यवृंदासाठी तर कुठे खेळासाठी पदक: ही सजावट अनेक ठिकाणी शाळाच देते. गाऊनवर वेगळेपण मिरवायला मुभा आहेच, फक्त कोणते वेगळेपण सन्मानाचे हे शाळा ठरवते. अशा वेळी पीस मागणाऱ्या मुलीला ‘सगळ्यांनी सारखे दिसायचे’ हे कारण सांगता येत नाही.

पिसाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. मूळ अमेरिकी समाजांत गरुडाचे पीस दुकानातून आणलेला दागिना नसतो. मोठी कामगिरी पार पाडणाऱ्याला वडीलधारी माणसे ते सन्मानाने देतात, आणि शाळा पूर्ण करणे ही तशी कामगिरी मानली जाते. कायद्यानेही ते सहज मिळत नाही. गरुडसंरक्षणाच्या १९४० च्या संघीय कायद्यामुळे पिसे बाळगण्यावर बंदी आहे. मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांना कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळच्या राष्ट्रीय गरुड भांडाराकडे अर्ज करून ती मिळवता येतात, आणि तिथली प्रतीक्षायादी मोठी असते. त्यातच इतिहास आहे. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे सरकारी निवासी शाळा निघाली. तिथे मूळ अमेरिकी मुलांचे केस कापले, त्यांचे कपडे काढून घेतले, गणवेश चढवले. १९१८ पर्यंत ती चालली, आणि तिच्या धर्तीवर इतर अनेक निघाल्या. ज्या समाजाच्या आठवणीत शाळा म्हणजे पोशाख हिरावून घेणारी जागा आहे, त्या समाजातली मुलगी शाळा पूर्ण करून, आजोबांनी दिलेले पीस लावून, त्याच शाळेच्या व्यासपीठावर जाऊ इच्छिते. शाळेबद्दलचा याहून मोठा आदर मला सुचत नाही. मॉन्टानाने २०१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये यासाठी कायदे केले. ओक्लाहोमात तीन डझनांहून अधिक आदिवासी राष्ट्रे आहेत. तिथल्या विधिमंडळाने असे विधेयक मंजूर केल्यावर राज्यपाल केव्हिन स्टिट यांनी २०२३ च्या मे महिन्यात त्यावर नकाराधिकार वापरला. ते स्वतः चेरोकी राष्ट्राचे नागरिक आहेत. विधिमंडळाने त्याच महिन्यात तो नकार मोडून काढला.

आपण याच विषयात मोठ्यांना कोणते माप लावतो तेही पाहावे. २०१० च्या एप्रिलमध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी अंगावरचा गाऊन व्यासपीठावरच उतरवला आणि ही वसाहतकाळाची रानटी प्रथा असल्याचे सांगितले. त्यावर पुष्कळ चर्चा झाली, पण ते लाडावलेले आहेत असे कुणाच्या मनात आले नाही. त्यांची कृती भूमिका म्हणून वाचली गेली, समर्थकांकडूनही आणि विरोधकांकडूनही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून स्थानिक परंपरेला धरून पोशाख ठरवायला सांगितले, तेव्हा ते धोरण ठरले. २०१९ च्या जानेवारीत मात्र पुणे विद्यापीठाच्या समारंभात विद्यार्थ्यांनी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी हवी म्हणून निदर्शने केली, तेव्हा समारंभाची शोभा गेल्याची चर्चा आधी झाली. डोक्यावर काय आहे यातून आपण कुणाचे वारस आहोत हे सांगितले जाते, ही गोष्ट महाराष्ट्राला नव्याने शिकवायची गरज नाही. सावित्रीबाईंचे नाव धारण केलेल्या विद्यापीठात जोतिरावांच्या पगडीचा आग्रह हा विचार होता. त्याच्याशी असहमत होता येते, पण त्याला माज म्हणता येत नाही.

आता आक्षेप. सर्वांत नेहमीचा असा की, एकाला मोकळीक दिली की दार सताड उघडते. २०२३ मध्ये कोलोरॅडोतल्या पॅराशूट या छोट्या गावात एका विद्यार्थिनीला एका बाजूला मेक्सिकोचा आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा झेंडा असलेला पट्टा घालायचा होता. तो चालू दिला तर उद्या कुणी गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा घेऊन येईल, अशी भीती शाळाप्रशासनाने मांडली. संघीय न्यायाधीश नीना वांग यांनी हा पट्टा शाळेच्या स्वतःच्या अभिव्यक्तीच्या कक्षेत येतो असे मानून बंदीला हात लावला नाही. कायद्याच्या अंगाने तो निकाल समजण्यासारखा आहे. पण शाळेला अधिकार आहे म्हणून तो वापरणे शहाणपणाचे आहे असे होत नाही, आणि दाराची भीती तर कायद्याने केव्हाच हाताळली आहे. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काळ्या फिती बांधणाऱ्या आयोवातल्या मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निकाल दिला तेव्हा कामकाजात ठोस व्यत्यय येतो का, ही कसोटी घालून दिली होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही व्यत्यय आणणारी वस्तू नाकारण्याचा शाळेचा अधिकार राखलेला आहे. आजीच्या देशाचा पट्टा आणि द्वेषाची खूण यांत फरक करणे शाळेला जमत नसेल, तर बारा वर्षे ती इतिहास कसा शिकवते हा प्रश्न उभा राहतो.

दुसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो: नोकरीत, न्यायालयात, रुग्णालयात पोशाखाचे नियम असणारच, मग मुलांना आत्ताच त्यांची सवय नको का? सवय हवीच. पण माणसे नियम कशामुळे पाळतात यावर टॉम टायलर यांनी शिकागोत केलेला आणि १९९० मध्ये ग्रंथरूपाने आलेला अभ्यास सांगतो की, शिक्षेच्या धाकापेक्षा नियम करणारा न्यायाने वागतो हा विश्वास अधिक काम करतो; आपले म्हणणे ऐकले गेले, कारण सांगितले गेले, सगळ्यांना एकच माप लागले, यातून तो विश्वास येतो. कारण न देता लादलेला नियम मूल त्या दिवसापुरता पाळेल, पण त्यातून त्याला नियमांबद्दल आदर शिकायला मिळणार नाही. टेक्सासमधल्या मॉन्ट बेल्व्ह्यूच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला २०२० मध्ये जटा कापल्याशिवाय पदवीदानात चालता येणार नाही असे सांगितले गेले, तेव्हा केसांच्या लांबीचा शिक्षणाशी संबंध काय याचे पटणारे उत्तर कुणी दिले नाही. आणि खरोखरच माजलेली मुले असतातच की, असे कुणी म्हणेल. असतात. मानसशास्त्रात त्या वृत्तीचे मोजमाप आहे आणि तिने माणूस स्वतःही दुःखी होतो याचे पुरावे आहेत. पण त्या मोजमापाचा गाभा ‘इतरांपेक्षा मला जास्त’ हा आहे. सोनेरी दोराला जी जागा मिळते तीच पिसाला मागणारी मुलगी इतरांइतकेच मागते आहे.

पॅराशूटचा निकाल शुक्रवारी लागला आणि समारंभ शनिवारी होता. असे अनेक ठिकाणी घडते, कारण नियम मे महिन्यात, मागणी आल्यावर, घाईने वाचले जातात. गाऊनची मापे मात्र त्याच्या कितीतरी आधी घेतलेली असतात. शाळामंडळांनी पोशाखाचा मसुदा शरद ऋतूतच मुलांसमोर ठेवावा, प्रत्येक बंदीपुढे तिचे कारण लिहावे, खर्चाची मर्यादा कडक ठेवावी आणि वारशाच्या खुणांना नकार द्यायचा असेल तर तो लेखी, अपिलाला वेळ उरेल अशा तारखेला द्यावा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांना शाळामंडळाच्या खुल्या बैठकीत बोलण्याचा अधिकार आहे. हा मसुदा ज्या बैठकीत येईल तिथे त्यांनी जावे, स्वतःच्या मुलांसाठी काही मागायचे नसले तरीही.