उरलेली जागा

आमच्या भाचीने बी.आर्क. झाल्यावर दोन वर्षे एका कार्यालयात उमेदवारी केली आणि गेल्या वर्षी कर्वेनगरच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात लँडस्केप आर्किटेक्चरच्या एम.आर्क.ला प्रवेश घ्यायचे ठरवले. त्याच रात्री साताऱ्याहून तिच्या वडिलांचा फोन आला. "पाच वर्षे इमारती बांधायला शिकली, आता आणखी दोन वर्षे बागा लावायला शिकणार म्हणते. तुमचे ऐकते ती. जरा समजवा." आम्ही उभयता मराठी शिकवतो. एम.ए. मराठीने पोट भरते का, हा प्रश्न आमच्याही घरी एके काळी विचारला गेला होता. तेव्हा समजावण्याचा अधिकार आमच्याकडे कितपत होता, कोण जाणे. तरीही मावशी-काकांचे कर्तव्य म्हणून आम्ही विषय काढला.

तिने काही लपवले नाही. 'आर्किटेक्ट' या उपाधीला १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. लँडस्केप करणाऱ्यांसाठी तशी वेगळी कायदेशीर नोंदणी नाही. त्यांची अखिल भारतीय संस्था आहे, पण तीही २००३ सालची. "आणि काका, कामाला बोलावतात तेही शेवटी. इमारती, रस्ते, पार्किंग सगळे मांडून झाले की जी जागा उरते, ती आमची." मग त्या उरलेल्या जागेसाठी आयुष्यातली आणखी दोन वर्षे? यावर ती एवढेच म्हणाली, "पंचवीस सप्टेंबर विसरलात का तुम्ही?"

विसरणे शक्य नव्हते. आम्ही आंबील ओढ्याच्या काठी राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढा सोसायटीत शिरला, तेव्हा ती बी.आर्क.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आमच्याकडेच राहत होती. तळमजल्यावरच्या आजींना आम्ही तिघांनी धरून वर आणले. दुचाक्या पाण्यावर एकमेकींना धडकत होत्या, त्याचा आवाज अजून कानांत आहे. सकाळी कळले की अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. त्या रात्रीपर्यंत आम्ही या ओढ्याला 'नाला' म्हणत होतो. शब्दांवर उपजीविका करणाऱ्यांना हे शोभले नाही. ओढ्याला उगम असतो, वळणे असतात, त्याचे स्वतःचे पात्र असते. 'नाला' म्हटले की फक्त दुर्गंधी उरते, आणि मग तो बुजवायला हात धजावतो.

या ओढ्याचा उगम कात्रजच्या डोंगरात आहे. पूर्वी तो पुण्याच्या वस्तीला लागून वाहत असे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधले आणि ओढ्याचा प्रवाह वळवला. ते तळे पुढे आटवले गेले. आज तिथे सारसबाग आहे. 'तळ्यातला गणपती' या नावात मात्र पाणी राहून गेले. एवढा इतिहास आम्हाला पाठ होता. पण आपले घर त्याच ओढ्याच्या पात्रालगत आहे, याचा त्या इतिहासाशी काही संबंध असेल, असे कधी मनात आले नव्हते.

भाचीचा अभ्यास सुरू झाला आणि घरात नकाशे पसरू लागले. समोच्चरेषा, उतार, माती, पाण्याची वाट, झाडोरा: प्रत्येकाचा वेगळा पारदर्शक कागद, आणि सगळे एकावर एक ठेवून पाहायचे. इयन मॅकहार्ग यांच्या 'डिझाइन विथ नेचर' या १९६९ च्या पुस्तकाने ही पद्धत जगभर पोचवली, हे आम्हाला तिच्याकडून कळले. कुठे बांधायचे यापेक्षा कुठे बांधायचे नाही, हे त्या थरांतून आधी उमटते. बागा लावण्याची वेळ फार पुढे येते.

एकदा तिने टेबलावरची 'स्थानपोथी' चाळायला घेतली. श्रीचक्रधरांचा जिथे जिथे वास झाला, त्या जागांची ही चौदाव्या शतकातली महानुभाव नोंद: देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणत्या बाजूस, कशाच्या शेजारी काय. वर्गात आम्ही ती भाषेच्या इतिहासासाठी चार वाक्यांत उरकतो. मुलांना कंटाळवाणी वाटते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही वाटत असे. ती मात्र म्हणाली, "मावशी, हा तर साइट सर्व्हे आहे. नकाशा काढता येईल यावरून." श्रद्धेपोटी का होईना, जागा विसरली जाऊ नये म्हणून कोणीतरी मराठीत इतक्या काटेकोरपणे लिहून ठेवले, ही गोष्ट आम्हाला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. कथा-कादंबरीतल्या डोंगर-नद्यांनाही आम्ही 'वातावरणनिर्मिती' या मथळ्याखाली, पाच गुणांच्या टीपेपुरते ठेवले. पात्रे, कथानक, आशय मांडून झाल्यावर जे उरते, ते स्थळ. बिल्डरला नावे ठेवताना हे आठवले आणि आम्ही गप्प झालो.

परवा तिच्याबरोबर ओढ्याच्या काठाने चाललो. पाणी त्या रात्री कुठवर आले होते, हे तिला नकाशावर मांडायचे होते. आम्ही दोघांनी दोन वेगळ्या खुणा सांगितल्या. शेवटी खालच्या अंगाला राहणाऱ्या, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी भिंतीवर खांद्याच्या उंचीला हात ठेवला आणि म्हणाल्या, "इथवर. पोरगं खांद्यावर होतं माझ्या." भाचीने टेप लावून माप घेतले, वहीत लिहिले, आणि मग पुढची भिंत त्यांनाच विचारली.

साताऱ्याला आम्ही अजून फोन केलेला नाही. नोकरीची हमी आमच्यापाशी नाही, ती देणारही नाही. पण बागा लावायला शिकत नाही ती, एवढे मात्र सांगू.