अंधाराचे छायाचित्र

दूरच्या तेजोमेघांची आणि दीर्घिकांची छायाचित्रे घेण्यासाठी जो खास कॅमेरा बनविलेला असतो, त्याची पहिली परीक्षा आकाशाकडे रोखून होत नाही. तोंडावर झाकण घट्ट बसवून, खोलीतील दिवे मालवून, त्याला अंधाराचेच छायाचित्र घ्यावयास लावतात. समोर काहीही नसताना याने काय पाहिले, हे आधी तपासायचे आणि मगच तारे त्याच्या स्वाधीन करायचे, असा हा क्रम आहे. गेल्या पावसाळ्यात असा एक कॅमेरा माझ्या घरी आला. पुण्याच्या आकाशात त्यानंतर कितीतरी आठवडे ढगांखेरीज काही नव्हते. पण ही परीक्षा घेण्यास आकाशाची गरजच नसल्याने तो काळ वाया गेला नाही.

दिसावयास हे यंत्र अगदी साधे आहे. पाणी पिण्याच्या पेल्याएवढे धातूचे एक नळकांडे. त्याला स्वतःचे भिंग नाही, डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही आणि दाबावयाचे बटणही नाही. दुर्बिणीच्या मागे ते बसवायचे आणि संगणकावरून चालवायचे. आत बोटाच्या पेराएवढी चौरस चिप असते. तिच्यावर सुमारे नव्वद लाख चित्रबिंदू आणि प्रत्येक बिंदूची रुंदी ३.७६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा हिस्सादेखील नाही. ताऱ्याचा प्रकाशकण या बिंदूवर पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो. ते मोजले की चित्र तयार होते.

खरी अडचण पुढे आहे. चिपमधील उष्णतेनेसुद्धा इलेक्ट्रॉन सुटतात. उष्णतेने सुटलेला इलेक्ट्रॉन कोणता आणि ताऱ्याच्या प्रकाशाने सुटलेला कोणता, हे कॅमेऱ्याला कळत नाही. तो दोघांची सारखीच मोजदाद करतो आणि दोघांनाही प्रकाश असेच म्हणतो. म्हणून या कॅमेऱ्यात चिपच्या पाठीशी विजेवर चालणारा शीतक असतो. बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे पस्तीस अंशांनी तो चिप थंड करू शकतो. चिप साधारण सहा-सात अंशांनी थंड झाली की हा खोटा प्रकाश निम्म्यावर येतो. पुण्याच्या मे महिन्यातील रात्री उणे दहा अंश गाठताना शीतकाची पुरती दमछाक होते. म्हणून वर्षभर झेपेल असे एकच तापमान ठरवून घ्यावे लागते. मी उणे पाच निश्चित केले.

त्यानंतर चाचण्या सुरू झाल्या. प्रथम, झाकण लावून शक्य तितक्या अल्प वेळाची छायाचित्रे घेतली. काहीही न पाहता यंत्र मुळात किती आकडा सांगते, ते त्यांवरून कळते. मग झाकण तसेच ठेवून पाच-पाच मिनिटांची तीस छायाचित्रे घेतली. या चित्रांना छंदिष्ट मंडळी ‘डार्क’ म्हणतात. संगणकावर ती उजळून पाहिली तेव्हा काळ्या पडद्यावर शेकडो ठिपके चमकत होते. एखाद्या अनोळखी माणसाला ते दाखविले असते तर त्याने तो तारकागुच्छच समजला असता. पण ते तारे नव्हते. चिपमधील सदोष बिंदू होते. प्रत्येक चित्रात त्याच जागी, त्याच तेजाने ते उमटत होते. तिसरी चाचणी प्रकाशगळतीची. एक चित्र रात्री अंधाऱ्या खोलीत घ्यायचे आणि दुसरे दिवसा उजेडात. दोन्ही तंतोतंत जुळली तर जोडणीच्या फटींतून काही आत शिरत नाही, याची खात्री पटते.

चौथ्या चाचणीला मात्र उजेड लागतो. दुर्बिणीच्या तोंडावर स्वच्छ पांढरे कापड ताणून सकाळच्या आकाशाचे छायाचित्र घ्यायचे. सर्वत्र सारखाच उजेड असल्याने चित्रही सारखे यावयास हवे; पण ते तसे येत नाही. कोपरे काळवंडलेले असतात आणि मध्येच राखाडी वर्तुळे दिसतात. ती काचेवर बसलेल्या धुळीच्या कणांची छाया असते. धूळ अंधारात दिसली नव्हती. उजेडाने ती दाखविली. पुढे ताऱ्यांचे चित्र घेतले की त्यातून अंधाराचे चित्र वजा करायचे आणि या उजेडाच्या चित्राने त्याला भागायचे. यंत्राचे स्वतःचे जे आहे ते काढून टाकल्यावर उरते ते आकाशाचे.

हे काम करीत असता संत इग्नाती लोयोलाकरांची आठवण येणे आपल्यासारख्यांना स्वाभाविक आहे. जखमी होऊन घरी पडून असताना रात्री आकाशाकडे आणि ताऱ्यांकडे बघत राहण्यात आपल्याला सर्वांत मोठे समाधान लाभे, असे त्यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगून ठेविले आहे. त्यांनीच आपल्या संघातील बांधवांना रोजच्या आत्मपरीक्षणाची शिस्त लावून दिली. मनात उठणारी प्रत्येक हालचाल देवाकडूनच आली असे मानू नये, ती कोठून आली ते पारखावे, असा त्यांचा आग्रह. आपल्या मनातील उष्णतेनेही प्रकाशासारखे ठिपके उमटतात. राग, भीती, मानाची हौस यांनाही आपण अंतःप्रेरणा म्हणून मोकळे होतो. ते ठिपके ओळखायचे असतील तर झाकण लावून, दिवे मालवून थोडा वेळ स्वस्थ बसावे लागते.

ऑक्टोबरात आकाश उघडले आणि सारा सरंजाम गच्चीवर गेला. वडगाव शेरीतील गच्ची ही काही वेधशाळा नव्हे. पृथ्वी क्षणोक्षणी फिरत असते. दर सेकंदाला आकाश पंधरा विकला सरकते आणि माझ्या दुर्बिणीतून कॅमेऱ्याचा एक बिंदू जेमतेम दोन विकलांचा तुकडा पाहतो. म्हणून दुर्बिणीची बैठक पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच गतीने फिरवावी लागते आणि त्यासाठी बैठकीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे अचूक रोखावा लागतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांच्या आसपासच असतो. उत्तरेला लोहगाव विमानतळाच्या दिव्यांची धूसर प्रभा, तिच्यापुढे नव्या इमारतींची रांग आणि त्या दोहोंच्या फटीत हा बिचारा ध्रुव! तरीही तो सापडला. मग चारही कोपऱ्यांतील तारे गोल येतात की लांबट, हे पाहिले. चिप किंचित जरी कललेली असेल तर एका कोपऱ्यातील तारे अंड्यासारखे दिसतात. विमाने चित्रांवर रेघा ओढून जात. पण एकच दीर्घ चित्र न घेता अनेक लहान चित्रे घेतली, तर जे एकाच चित्रात आले आणि बाकीच्यांत नाही ते संगणक गाळून टाकतो. चित्रे चौपट घेतली की स्वच्छता दुप्पट होते. या हिशेबात घाई करणाऱ्याला सवलत नाही.

शहराच्या उजेडावर उपाय म्हणून कॅमेऱ्यापुढे एक फिल्टर बसविला. तो प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडतो. त्यांपैकी एक हायड्रोजनचा तांबडा आणि दुसरा प्राणवायूचा हिरवा. रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच अडतो आणि तेजोमेघ स्वतः जो प्रकाश देतात तो तेवढा आत येतो. डिसेंबरात याच जोडणीने मृग नक्षत्रातील तेजोमेघ टिपला. आपल्यापासून सुमारे तेराशे पन्नास प्रकाशवर्षे दूर असलेल्या वायूच्या त्या प्रचंड ढगात नवे तारे जन्माला येत असतात.

ते चित्र धर्मशिक्षण वर्गातील मुलांना दाखविले तेव्हा एका मुलाने विचारले, “अंकल, हा फोटो खरा आहे का? असे तर आम्ही मोबाईलवर एका मिनिटात बनवतो.”

प्रश्न उद्धट नव्हता. काळाला धरून होता. आज संगणकाला दोन वाक्ये सांगितली की हवे तसे आकाश तो रंगवून देतो आणि ते आकाश माझ्या चित्रापेक्षा देखणे असते. मग रात्रीमागून रात्री गच्चीवर काढून मी त्यापेक्षा अधिक काय मिळविले? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुण्यातच, त्याच तेजोमेघाच्या आणि त्याच हिरव्या प्रकाशाच्या संदर्भात, सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी कोणीतरी दिलेले आहे.

कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आलेल्या त्या संस्थेत, वेधशाळा उभी राहिली. त्या काळी तेजोमेघांच्या वर्णपटातील एका ठळक हिरव्या रेषेने शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर हे फार मोठे नाव. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ती रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा, असे त्यांचे मत होते. ते खरे असेल तर रेषा एका बाजूने पुसट दिसावयास हवी. नायगमवालांनी १८९१ मध्ये पुण्यातून मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि सांगितले की, ही रेषा सर्व परिस्थितीत रेखीवच दिसते. मोठ्या नावापुढे त्यांनी आपली दृष्टी मिंधी होऊ दिली नाही आणि जे दिसले नाही ते दिसले असेही म्हटले नाही. ती रेषा प्राणवायूची असल्याचे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले. अतिविरळ वायूत दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूच्या अणूंतून तो प्रकाश येतो. माझा फिल्टर जी हिरवी रेषा आत सोडतो, ती हीच! नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्याला फारशी आठवणही उरली नाही.

१८९१ याच वर्षी परमगुरू तेरावे लिओ यांनी व्हॅटिकन वेधशाळेची पुनःस्थापना केली. साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेत ती वेधशाळा सहभागी होती. त्या योजनेच्या नकाशांसाठी अनेक ठिकाणी काचेच्या एकाच पट्टीवर आकाशाचा एकच भाग किंचित सरकवून तीनदा टिपला जाई. ज्याच्या तीन खुणा त्रिकोणात उमटतील तो तारा. एकच खूण उमटेल तो काचेतील दोष. आजही आम्ही दोन चित्रांमध्ये दुर्बीण जराशी सरकवतो, ती याच कारणासाठी. तारे दुर्बिणीबरोबर सरकतात आणि चिपचे दोष जागचे हलत नाहीत. व्हॅटिकनच्या वाट्याला आलेल्या काचांवरील ताऱ्यांची मोजणी १९१० ते १९२१ या काळात मारिया बाम्बिना संघाच्या धर्मभगिनींनी केली. एमिलिया पोंझोनी, रेजिना कोलोम्बो, कॉन्चेत्ता फिनार्दी आणि लुइजा पांचेरी अशी त्या चौघींची नावे. सूक्ष्मदर्शकातून पाहून त्यांनी ४,८१,२१५ ताऱ्यांची स्थाने नोंदविली आणि त्यांची नावे जगापुढे आली ती २०१६ मध्ये. अब्राहामाला तारे मोजण्यास सांगितले गेले होते. या भगिनींनी ती आज्ञा अक्षरशः पाळली, असे म्हणावेसे वाटते.

तेव्हा त्या मुलाला मी असे सांगितले: “मोबाईलवर बनविलेले आकाश सुंदर असेल, पण ते कोणाचीच साक्ष देत नाही, कारण ते बनविणारा तेथे हजर नव्हता. या फोटोतील तांबडा रंग मी भरलेला नाही. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना तांबडा दिसत नाही. पण हायड्रोजन तो देतच असतो. मी उजेड वाढविला आहे. नसलेली गोष्ट आणलेली नाही. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर अंधाराची ती तीस चित्रेही मी जपून ठेवली आहेत. ती वजा करून तू स्वतः पाहू शकतोस.” साक्षीदाराच्या शब्दाला किंमत येते ती त्याच्या वक्तृत्वाने नव्हे. त्याने स्वतःची किती झडती घेऊ दिली, यावरून ती ठरते. श्रद्धेच्या साक्षीलाही हाच नियम लागू पडतो, असे मी मानतो. आपली मुले आपल्याला उद्या विचारतील की, तुम्ही जे सांगता ते पाहिलेले आहे की ऐकून रंगविलेले? त्या दिवशी आपल्याजवळ वजा करून दाखविण्यासारखे काही असले पाहिजे.

एक खंत मात्र उरते. रोमच्या दिव्यांनी आकाश झाकोळले म्हणून व्हॅटिकन वेधशाळा १९३० च्या दशकात कास्तेल गांदोल्फोला हलली. पुढे तेही आकाश उजळले आणि १९९३ मध्ये तिची नवी दुर्बीण अमेरिकेतील ॲरिझोनात, माउंट ग्रॅहॅमवर उभी राहिली. पुण्याच्या आयुकानेही आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण शहरात न बसविता सुमारे ऐंशी किलोमीटरवर, गिरवली येथे नेली. २००६ मध्ये तिचे उद्घाटन झाले. संस्था डोंगरावर जाऊ शकतात. वस्तीतील मुले कोठे जाणार? फिल्टर कॅमेऱ्याला लावता येतो, मुलाच्या डोळ्याला नाही. आपल्या इमारतींवरचे, सभागृहांवरचे आणि चर्चच्या आवारातले दिवे खाली जमिनीकडे वळविणे व गरज संपल्यावर मालविणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

नाताळच्या मध्यरात्री, बरोबर बाराच्या सुमारास, पुण्यात मृग नक्षत्र दक्षिणेला ऐन मध्यावर, सुमारे सहासष्ट अंश उंच असते. मृगाच्या पोटातील तीन तेजस्वी ताऱ्यांच्या खाली एक धूसर ठिपका दिसतो. त्यासाठी कॅमेरा लागत नाही. घरातील दिवे मालवून, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे गच्चीवर थांबावे लागते, इतकेच.