बॅटमॅनविना गॉथम: ‘द पेंग्विन’चा पहिला भाग

‘द पेंग्विन’ ही आठ भागांची गुन्हेगारी मालिका मॅट रीव्ह्ज यांच्या २०२२ सालच्या ‘द बॅटमॅन’ या चित्रपटातून निघाली. एचबीओने तिचा पहिला भाग १९ सप्टेंबर २०२४ रोजी दाखवला. लेखनाची सूत्रे लॉरेन लेफ्रँक यांच्याकडे होती आणि पहिले तीन भाग क्रेग झोबेल यांनी दिग्दर्शित केले. पेंग्विन हे पात्र मुळात १९४१ मधल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मधले. छत्री, उंच टोपी आणि एका डोळ्यावरची काच ही त्याची जुनी ओळख. रीव्ह्ज यांच्या चित्रपटात यातले फारसे काही उरले नाही. तिथे तो माफिया सरदार कार्माइन फॅल्कोनच्या हाताखालचा, नाइट क्लब सांभाळणारा माणूस होता आणि त्याच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आले होते.

अशा दुय्यम पात्रावर आठ तास उभे करायचे, तर पटकथेपुढे पहिली अडचण येते ती नायकाची. गॉथम हे शहर बॅटमॅनचे, प्रेक्षकही त्याचे. तो कधी येतो याची वाट पाहत ते बसले, तर समोर चाललेले सगळे बिनमहत्त्वाचे ठरते. पहिल्या भागात बॅटमॅन येत नाही. चित्रपटातून घेतली आहे ती फक्त मागे उरलेली परिस्थिती. चित्रपटातला खलनायक रिडलर याने समुद्राची भिंत फोडल्याला जेमतेम आठवडा झाला आहे, गरिबांच्या वस्त्या पुराने उद्ध्वस्त झाल्या आहेत आणि कार्माइन मारला गेल्याने त्याची गादी रिकामी आहे. ही माहिती सुरुवातीच्या बातम्यांमधून भराभर दिली जाते. चित्रपट न पाहिलेल्यांसाठी केलेली ही सोय आहे आणि तशीच ती दिसते. त्या पहिल्या मिनिटांना घोटीवपणा नाही.

खरी सुरुवात होते ती पुढच्या प्रसंगात. ऑझ, म्हणजेच पेंग्विन, कार्माइनच्या तिजोरीवर हात मारत असताना कार्माइनचा मुलगा अल्बर्टो तिथे येतो. दोघे बोलत बसतात. ऑझ त्याला रेक्स कॅलाब्रीज नावाच्या जुन्या गल्लीतल्या गुंडाची गोष्ट सांगतो. रेक्स वस्तीतल्या लोकांना नावानिशी ओळखायचा, अडीनडीला धावून जायचा, आणि तो गेला तेव्हा लोकांनी रस्त्यात त्याची मिरवणूक काढली. हे सांगताना ऑझ मनापासून बोलतो. अल्बर्टो हसतो, टिंगल करतो आणि ऑझ त्याला गोळी घालतो.

या खुनामागे कसलाही बेत नाही, हीच त्याची ताकद. सहसा गुन्हेगारी मालिकेचा पहिला भाग मुख्य पात्राची हुशारी दाखवून प्रेक्षकाला जिंकू पाहतो. इथे आधी दाखवले आहे ते दुखरे मर्म. ऑझला पैसा हवा आहे, गादी हवी आहे. पण या सगळ्यांहून अधिक हवा आहे मान, आणि कोणी हसले तर त्याला ते सोसत नाही. त्याची चलाखी नंतर येते, स्वतःच घातलेला घोळ निस्तरण्यासाठी. त्यामुळे पुढचे सगळे कथानक बाहेरच्या योगायोगांवर टेकत नाही. ते त्याच्या स्वभावातून निघते. पटकथेत इतके काटेकोर कारण-कार्य साधणे अवघड असते, आणि इथे ते एका संवादात साधले आहे.

लगेच येतो व्हिक्टर अगिलार. ऑझच्या गाडीची चाके चोरणाऱ्या पोरांमधला हा अडखळत बोलणारा मुलगा ऑझच्या हाती लागतो आणि प्रेत लपवण्याच्या कामाला जुंपला जातो. ऑझला आपले डावपेच मोठ्याने बोलता यावेत म्हणून कोणीतरी लागतेच. पण रेन्झी फेलिझ यांच्या अभिनयामुळे तो निव्वळ श्रोता राहत नाही. ऑझच्या अचानक मायेचा आणि अचानक धमकीचा परिणाम आधी व्हिक्टरच्या चेहऱ्यावर उमटतो, मग प्रेक्षकावर.

कॉलिन फॅरेल माइक मरिनो यांच्या रंगभूषेखाली ओळखू येत नाहीत. इतक्या जाड थराखाली अभिनय गुदमरण्याची भीती असते; फॅरेल यांनी तो पायाच्या लंगडण्यात, घोगऱ्या आवाजात आणि डोळ्यांत नेला आहे. आई फ्रान्सिसच्या घरी ऑझ क्षणात लहान मूल होतो. ती, विस्मरणाने ग्रासलेली असूनही, त्याला गादीकडे ढकलते. डियर्ड्री ओकॉनेल यांनी या भूमिकेत जरब आणली आहे; मात्र त्या प्रसंगात ऑझची महत्त्वाकांक्षा पुन्हा शब्दांत सांगितली जाते, जी रेक्सच्या गोष्टीने आधीच कळलेली असते.

क्रिस्टिन मिलिओटी यांची सोफिया फॅल्कोन मात्र भाग व्यापून टाकते. अल्बर्टोची ही बहीण दहा वर्षांनी अर्कम मनोरुग्णालयातून सुटली आहे आणि भावाचा शोध घेत आहे. ऑझला जेवायला बोलावून ती शांतपणे प्रश्न विचारते. ऑझ खोट्यावर खोटे रचत जातो. ती ऐकते, नजर हटवत नाही. खुनी कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याने इथे ताण येतो तो रहस्याचा नव्हे, पकडले जाण्याचा. आणि तिचे दुःख खरे असल्याने ऑझ सुटावा असे वाटता वाटता मन कचरते.

शेवटी सोफियाच्या माणसांनी ऑझचा छळ चालवला असताना अल्बर्टोचे प्रेत असलेली गाडी तिथे येऊन धडकते. संशय प्रतिस्पर्धी मारोनी घराण्याकडे वळतो आणि ऑझ वाचतो. एवढ्या एका चालीने लेखकांनी पुढच्या भागांची तजवीज करून ठेवली आहे: दोन घराणी एका खोट्यावरून एकमेकांविरुद्ध उभी राहिली आहेत, ऑझ दोघांशीही संधान बांधून आहे, आणि खरे काय घडले ते जाणणारा दुसरा माणूस म्हणजे व्हिक्टर.