भयानक रस आणि रत्नाकर मतकरी

होटगी जंक्शनाहून एक मार्ग विजापूरकडे जातो, दुसरा वाडीकडे. तसेच आमच्या घरांतही एका प्रश्नावर दोन फांटे फुटले आहेत. भुताखेतांच्या गोष्टी मुलांच्या कानांवर पडूं द्याव्यात कीं नाहीं? वडील मंडळींस असलें वाङ्मय हलकें वाटतें, आणि मुलें रात्रीं दचकून उठतात अशी सुनांची तक्रार असते. आम्ही मात्र सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविल्यामुळें भयानकास हलका म्हणावयास धजत नाहीं. भरतमुनींच्या आठ रसांत त्याची गणना आहे. विदर्भांतील भवभूतीनें 'मालतीमाधवा'च्या पांचव्या अंकांत नायकास स्मशानांत नेऊन उभें केलें. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरां'त वेताळाच्या कथा आहेत.

त्याच वाटेनें आपल्या काळांत गेलेले लेखक म्हणजे कै. रत्नाकर मतकरी. १९३८ सालीं मुंबईस त्यांचा जन्म झाला. १९५५ सालीं त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका आकाशवाणीवर झाली, तेव्हां ते सोळा-सतरा वर्षांचे होते. पुढें बँक ऑफ इंडियांत नोकरी करीत असतांनाच त्यांनीं नाटकें व गूढकथा लिहिल्या, आणि १९७८ सालीं नोकरी सोडून लेखणीवरच भिस्त ठेवली. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' हे त्यांचे कथासंग्रह; 'गहिरे पाणी' ही दूरचित्रवाणीमालिका त्यांच्याच गूढकथांवर आधारलेली. २०२० च्या मे महिन्यांत कोरोनाच्या सांथींत ते निवर्तले.

पश्चिमेकडे कर्ट सिओडमॅक यांनीं १९४१ सालच्या 'द वुल्फ मॅन' या बोलपटाची कथा रचतांना मनुष्याचा लांडगा केला. मतकरींच्या 'इन्व्हेस्टमेंट' या चित्रपटांत लांडगा नाहीं कीं पिशाच्च नाहीं. आहे तें एक सुशिक्षित, महत्त्वाकांक्षी जोडपें, आणि मुलावर आलेला खुनाचा आळ कसेंही करून निस्तरण्याची त्याची धडपड. मतकरींनींच लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटास २०१३ सालीं उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. स्मशानांतला वेताळ निदान राजास प्रश्न विचारून न्याय करावयास लावतो. येथें प्रश्न विचारणाराच कोणी उरत नाहीं. असे पालक आम्हीं शाळेंत पाहिले आहेत. मुलानें दुसऱ्याचें डोकें फोडलें तरी 'आमचा बाळ तसा नव्हे' हें त्यांचें उत्तर ठरलेलें असे. म्हणून हें भय आम्हांस परकें वाटत नाहीं.

आणि याच लेखकानें १९६२ पासून बालनाट्याची चळवळ चालविली! त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकिणीस पाहून मुलें पोट धरधरून हंसतात. मुलांच्या चेटकिणीस हास्यास्पद करावें आणि थोरांस त्यांच्याच मनांतील चेटकीण दाखवावी, हा विवेक ज्यास साधला, त्याचें वाङ्मय हलकें कसें म्हणावें?

आमचें मत असें कीं, मुलांस या गोष्टी एकट्यानें वाचूं देऊं नयेत. वडिलांपैकीं कोणी जवळ बसून सांगाव्यात आणि शेवटीं वेताळाप्रमाणें एक प्रश्न विचारावा : 'यांत दोष कोणाचा?' अंधाराची भीति वयाबरोबर आपोआप जाते. आपल्या हातून अन्याय तर होणार नाहीं ना, ही भीति मात्र मुलांच्या मनांत राहिली पाहिजे, आणि आपल्याही.