खोटी रेघ

आमच्या मोहल्ल्यात मे महिन्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "मास्तर, सुट्टीत काय?" यंदा उत्तर द्यावं लागलं नाही. मागच्या पडवीत प्लायवुडचे ताव येऊन पडले आणि दोन दिवसांत सगळ्यांना कळलं, की मास्तर घरात होडी बांधतोय. मग प्रश्न बदलला. "काय मास्तर, पूर येणार हाय का?" हजरत नूह अलैहिस्सलाम यांनाही त्यांच्या कौमचे लोक येता-जाता हसत होते, हे सूरह हूदमध्ये आलं आहे. त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही. फरक एवढाच, की त्यांच्याकडे वह्य येत होती आणि माझ्याकडे एक छापील आराखडा होता.

आम्ही रत्नागिरीकडचे. काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते, त्या खाडीच्या अंगाने आमच्या लोकांची वस्ती. अब्बा आयुष्यभर मच्छीमार. त्यांना ना उर्दू वाचता येते, ना मराठी. कुरआन शरीफ मात्र लहानपणी मौलवीसाहेबांकडे अडखळत शिकले, तेवढंच त्यांचं वाचन. मी दोन्ही भाषा शिकवतो. आमच्या घरात शिकलेला माणूस म्हणजे मी, आणि न शिकलेला म्हणजे अब्बा. हे इतकं उघड होतं, की त्यावर विचार करायची वेळ कधी आली नाही.

होडीचं खूळ माझ्या लेकीमुळे आलं. ती आता नववीत गेली. एकदा तिने अब्बांना विचारलं, "दादा, तुमची होडी कुठे आहे?" अब्बा म्हणाले, "संपली." एवढंच. ती कशी संपली ते मला माहीत होतं. मी बीएडला होतो त्या वर्षी ती वर ओढली, ती पुन्हा पाण्यात गेली नाही. दुरुस्तीला लाकूड महाग झालं होतं, सगळीकडे फायबरच्या होड्या आल्या होत्या आणि घरात फीचे पैसे भरायचे होते. दोन पावसाळे ती झाकून ठेवली. मग एकेक फळी सुटून न्हाणीच्या चुलीत गेली. त्या फळ्यांवर तापलेल्या पाण्याने आंघोळ करून मी परीक्षेला गेलो आहे. आणि बीएडच्या फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'व्यापार' लिहिलं होतं. अब्बांनी खाली अंगठा उठवताना विचारलं होतं, "हय काय लिवलंस?" मी म्हटलं, "धंदा." मासे विकणं हाही धंदाच, असं मनाला समजावलं होतं.

तर होडी. वाचता येणाऱ्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. आराखडा मागवला. बारा फूट लांब, सपाट बुडाची, वल्ह्याने चालणारी, खाडीत दोन-तीन माणसांनी बसून गरवायला पुरेल अशी. ही पद्धत तशी नवी नाही. इंग्लंडमध्ये १९६३ साली 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पुढाकाराने मिरर नावाची छोटी शिडाची होडी निघाली. तिचे आराखडे जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरकाम शिकवणारे बॅरी बकनेल यांनी केले होते. सुतारकाम न येणाऱ्या माणसाने आपल्या घरी बांधावी म्हणून ती केलेली, आणि लोकांनी ती हजारोंनी बांधली. युक्ती सोपी आहे. प्लायवुडचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापायचे, कडांना बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने तुकडे एकमेकांना शिवायचे, मग सांध्यांत इपॉक्सीचा लगदा भरून वर काचतंतूची पट्टी चिकटवायची. शर्टासारखं काम. आधी बेतायचं, मग शिवायचं.

अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सहा मिलिमीटरचा ताव बोटाने वाजवून पाहिला. "पापड हाय." मग विचारलं, "पठाण खय?" होडीच्या बुडाचा कणा म्हणजे पठाण. त्यांच्या होडीचं काम तिथून सुरू व्हायचं. आधी पठाण, त्यावर पुढे नाळ उभी करायची, मागचा खांब, मग मधे चार वाक आणि त्यांच्या अंगाने फळ्या. कागद कुठेच नाही. मिस्त्री हातात वाकस घेऊन काम करायचा आणि नाखवा दहा पावलं लांब उभा राहून बघायचा. मी म्हटलं, "अब्बा, यात पठाण नसतो. हिशोबावर उभी राहते." ते काही बोलले नाहीत. पडवीतल्या खुर्चीवर जाऊन बसले.

आराखड्यात एक तक्ता असतो. होडीच्या लांबीवर ठरावीक अंतराने उभ्या रेघा मारायच्या, आणि प्रत्येक रेघेवर कड किती उंच येते ते तक्त्यात बघायचं. तिथे खिळा ठोकायचा. सगळे खिळे झाले, की एक लवचीक पट्टी त्यांच्या अंगाने वाकवायची आणि पेन्सिल फिरवायची. मी तक्ता वाचत होतो, लेक टेप धरत होती. तक्त्यात आकडे असे होते : १-३-५, १-२-७. मी वाचलं, एक फूट आणि तीन पूर्णांक पाच दशांश इंच. एक फूट, दोन पूर्णांक सात. सकाळभर खपून रेघ काढली. वरच्या कडेची ती रेघ नाळेकडे चढत जाणारी, मला तर सुरेख वाटली.

अब्बा चहा घेऊन बाहेर आले. खुर्चीपर्यंत पोचायच्या आधीच थांबले.

"ही रेघ खोटी हाय."

मी म्हटलं, "आकड्याप्रमाणे आहे, अब्बा. दोनदा मोजली."

"आकडा काय ता मना नाय ठाव. लाकूड असा वळत नाय."

मला राग आला. खरं सांगायचं तर वर्गात एखाद्या पोराने शुद्धलेखनाची चूक दाखवली की येतो तसा राग. मी त्यांना तक्ता दाखवला, जणू तो त्यांना वाचता येणार होता. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. कप लेकीच्या हातात दिला, गुडघ्यावर बसले, आणि पट्टी पुन्हा खिळ्यांना लावून घेतली. मग पट्टीवरून बोट फिरवत एका जागी थांबले. "हा खिळा काढ." काढला. पट्टी टुणकन वर सरकली, आणि आजूबाजूचं तिचं वळण एकदम मोकळं झालं. "आता हा काढ." पुन्हा तेच. "पट्टीला इचार. ती खोटा नाय बोलत."

पट्टी जिथे जाऊन थांबली तिथे मी मोजलं. पहिल्या ठिकाणी मी दोन पूर्णांक सात दशांश इंच धरलं होतं, पट्टी म्हणत होती त्याहून साडेचार मिलिमीटर जास्त. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. होडीच्या तक्त्यातले ते तीन आकडे म्हणजे फूट, इंच आणि इंचाचे आठवे भाग. सात म्हणजे सात दशांश नव्हे, सात अष्टमांश. जिथे शेवटचा आकडा एक होता तिथे माझी चूक अर्ध्या मिलिमीटरची, जिथे सात तिथे साडेचारची. म्हणून रेघेला बारीक लाट आली होती. मला ती दिसत नव्हती. त्यांना दहा पावलांवरून दिसली.

म्हणजे तक्ता बरोबर होता. तो वाचता न येणाऱ्यालाही उत्तर बरोबर आलं. चुकलं होतं ते दोन भाषा शिकवणाऱ्याचं वाचन.

त्या दिवसापासून अब्बांची खुर्ची पडवीतून अंगणात आली.

सगळंच त्यांचं बरोबर होतं असं नाही, हेही सांगायला हवं. डिंकावर होडी टिकेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या काळात सांध्यात कापूस कोंबायचा, राळ घालायची, बाहेरून काजूच्या टरफलाचं तेल द्यायचं. मी दोन तुकडे चिकटवून दोन दिवस वाळवले आणि त्यांच्या हातात दिले. त्यांनी पायाखाली घेऊन मोडले. लाकूड फाटलं, सांधा तसाच राहिला. त्यांनी तो तुकडा खिशात घातला आणि संध्याकाळी मशिदीबाहेर कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला.

इपॉक्सीनेही मला शिकवायचं ते शिकवलं. घाईत एकदम मोठा डबाभर मिसळलं, मेचं ऊन, आणि डबा हातात धुमसायला लागला. लेक ओरडली, मी तो वाळूत फेकला. दहा मिनिटांत दगड. हे मिश्रण स्वतःच तापतं आणि जितकं जास्त एका जागी असेल तितकं जास्त तापतं, म्हणून थोडं थोडं करून पसरट भांड्यात घ्यायचं असतं. हेही कागदावर लिहिलेलं होतं. जूनच्या तोंडावर शेवटचा हात द्यायचा होता तेव्हा अब्बा म्हणाले, "आज नको. हवा ओली हाय." मी दिला. सकाळी सगळ्या अंगावर तेलकट, चिकट साय आलेली. दमट हवेत असं होतं. ती साय पाण्याने घासून धुवावी लागते, नाहीतर वरचा थर धरत नाही. दोघं बापलेक अर्धा दिवस धूत बसलो. ते "सांगितला होता" असं एकदाही म्हणाले नाहीत. मी असतो तर म्हटलं असतं.

तारेने शिवण्याचं काम अब्बांना मात्र आवडलं. बसून करण्यासारखं होतं. त्यांच्या शेजारी तार पिळताना मला इब्ने जुबैर आठवला. अंदलूसचा हा प्रवासी ११८३ मध्ये हजसाठी तांबड्या समुद्रातून जिद्दाकडे गेला. तिथल्या जहाजांत एकही खिळा नाही, फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मुशीचं तेल लावत हेही लिहिलं आहे, आणि लाकूड हिंदुस्थानातूनही येतं हेसुद्धा. सूरह कमरमध्ये नूह अलैहिस्सलाम यांच्या नौकेचं नावच घेतलेलं नाही, फळ्या आणि 'दुसुर' यांची ती, एवढंच म्हटलं आहे. दुसुर म्हणजे खिळे, असा अर्थ मी मुलांना सांगत आलो. जुन्या अरबी कोशांत त्याचा दुसरा अर्थही सापडतो : फळ्या बांधायची खजुराच्या तंतूंची दोरी. अब्बांना हे सांगितलं. ते तार पिळत म्हणाले, "म्हणजे शिवलेली." जणू त्यांना कुणी शेजारच्या गावची बातमी सांगितली.

दर्यावरचे आपले कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आले. खलाशी, नाखवा, सुकाणू. आणि एक शब्द माझ्या पेशाचाच. अरब दर्यावर्दी जहाजाला वाट दाखवणाऱ्याला मुअल्लिम म्हणत, म्हणजे शिक्षक. कच्छकडे त्याचाच मालम झाला. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आलो, की लिहिता-वाचता न येणारा तो अनपढ. त्या अंगणात मुअल्लिम कोण होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण लिहिण्याचीही गरज आहे, हे मी विसरत नाही. २०२५ साली आपल्या नौदलात 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज आलं. तसल्या जुन्या जहाजाचा एकही आराखडा उरलेला नव्हता. अजिंठ्याच्या एका चित्रावरून आकार घेऊन सगळं नव्याने ठरवावं लागलं. हातातलं ज्ञान हाताबरोबर जातं. म्हणून माझ्या लेकीने एक वही केली आहे. दादा बोलतात, ती लिहिते. कुठलं लाकूड कुठे, पट्टी कशी निवडायची, फळी वाकवायच्या आधी किती भिजवायची. परवा तिने विचारलं, "दादा, रेघ खोटी आहे हे कसं कळतं? मी काय लिहू?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ता लिवता येत नाय. हय येऊन बस." ती आता त्यांच्या बाजूला बसून, एक डोळा मिटून, शेजारच्यांच्या होड्यांच्या कडा बघते.

पाऊस ओसरल्यावर होडी खाडीत घातली. चौघांनी सहज उचलली. अब्बांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि आधी ते बसले. बुडाखाली मागे एक छोटं उभं पातं आराखड्यातच दिलेलं आहे, त्याने ती सरळ चालते. "एवढुसा पठाण हाय तर," ते म्हणाले. गरीला दोन काळुंदर लागल्या. परत येताना त्यांनी वल्ही माझ्या हातातून काढून घेतली.

मी रेघ मारली ती बाजू होडीत आतून आली. खऱ्या रेघेवर कापल्यामुळे माझी खोटी रेघ कडेखाली तशीच राहिली आहे, पारदर्शक इपॉक्सीच्या आत, लाटेसारखी. अब्बा बसतात तिथून ती समोर दिसते. त्या दिवशी मी त्यांना बीएडच्या फॉर्मची गोष्ट सांगितली. रकान्यात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. ते वल्ही मारत राहिले. किनारा जवळ आल्यावर रेघेवर अंगठा फिरवून म्हणाले, "हिच्यावर रंग लाव. उन्हाने डिंक खराब होतो म्हणालास ना?"

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, हे खरंच आहे. रंग आणून ठेवला आहे. अजून लावलेला नाही.