अर्ज भरताना आठवावं असं अणुव्रत



दशलक्षण पर्वात उत्तम सत्यावरचं प्रवचन आपण दरवर्षी ऐकतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे कूटलेखक्रिया, फसवण्यासाठी खोटं लिहिणं. हा अतिचार फक्त व्यापाऱ्याच्या वहीखात्यापुरता नाही. मुलांच्या नोकरीच्या अर्जालाही तो लागू होतो.

माझी भाची रामदासपेठेत आमच्याकडे राहून सरकारी बँकेच्या परीक्षेची तयारी करते. मागच्या वेळी तिची निवड थोडक्या गुणांनी हुकली. या वेळी अर्ज भरताना नात्यातल्या एकांनी सुचवलं, "ईडब्ल्यूएसचा दाखला काढून देतो, सगळेच काढतात." 2019 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना 10 टक्के आरक्षण आहे, आणि दुसरं आरक्षण नसलेल्या जैन कुटुंबांनाही ते मिळतं. पण केंद्राच्या नियमानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. उत्पन्न कमी असलं तरी 1000 चौरस फुटांचा किंवा त्याहून मोठा फ्लॅट असेल, तर हक्क नाही. तिच्या वडिलांचं दुकान आणि फ्लॅट दोन्ही या मर्यादेबाहेर.

ती म्हणाली, "मावशी, खरं लिहिलं तर मार्क जास्त लागतील गं."

मी म्हटलं, "लागतील. पण ती जागा कोणासाठी ठेवली आहे? भाड्याच्या खोलीत राहून अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी. आपल्याला न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान. एका सहीत दोन व्रतं मोडतात."

तिने 'नाही' लिहिलं आणि पुन्हा अभ्यासाला बसली.

पूजा खेडकर यांचं प्रकरण आपल्याला आठवत असेल. प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून त्या पुण्याहून आपल्या विदर्भात, वाशीमला आल्या होत्या. स्वतःचं आणि आईवडिलांचं नाव बदलून जास्त वेळा परीक्षा दिली, असं सांगून आयोगाने 31 जुलै 2024 रोजी त्यांची उमेदवारी रद्द केली. त्यांनी आरोप नाकारले आहेत. आपण एवढं लक्षात घ्यावं, की निवड झाली, नेमणूक झाली, तरी अर्ज पुन्हा तपासला जातो.

लेकीसुनांना काही गोष्टी जरूर सांगा. नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहावं. लग्नानंतर बदललं असेल तर तसं नमूद करून राजपत्राची प्रत जोडावी. मुलांसाठी नोकरी सोडली असेल तर ती वर्षं खोट्या अनुभवाने भरू नयेत, "घर सांभाळलं" असं सरळ लिहावं. 2014 पासून आपण देशपातळीवर अल्पसंख्याक आहोत, त्या रकान्यात 'होय' लिहावं. मात्र त्याने केंद्राच्या नोकरीत वेगळं आरक्षण मिळत नाही.

अर्जाच्या शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र असतं. आपण व्रत घेताना जसे शब्द मनापासून उच्चारतो, तसंच तेही वाचावं आणि मगच सही करावी.